जुगाराचे गणित मांडणारा डॉक्टर

व्हिडिओ पोकरच्या यंत्रावर सर्वांत मोठी रक्कम मिळते ती 'रॉयल फ्लश'ला, म्हणजे एकाच जातीचे दहा, गुलाम, राणी, राजा आणि एक्का हातात आले तर. ५२ पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात संभवतात; त्यांत रॉयल फ्लश फक्त चार. नको असलेले पत्ते एकदाच बदलता येतात आणि खेळाडूची सगळी हुशारी तिथेच लागते. बदामाचे दहा, राणी, राजा, एक्का आले असतील तर जाणकार खेळाडू हातातली जमलेली जोडीही मोडतो आणि एक पत्ता मागतो. न दिसलेले पत्ते ४७, हवा तो एक. तीनच पत्ते जुळले असतील, तर हीच शक्यता १,०८१ मध्ये एक इतकी खाली येते.

एकूण शक्यता मोजायच्या, त्यांतल्या आपल्या कामाच्या किती ते पाहायचे, ही रीत कागदावर उतरवणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक इटालियन डॉक्टर होता. त्याचे नाव जेरोलामो कार्डानो.

त्याचा जन्म १५०१ मध्ये पाविया इथला. वडील वकील, पण आईवडिलांचे तेव्हा लग्न झालेले नव्हते. वडील वारल्यावर शिक्षणाचा खर्च त्याने बराचसा जुगारातून भागवला. पादुआला वैद्यकाची पदवी घेतली, तरी जन्माचे कारण पुढे करून मिलानच्या वैद्य मंडळाने त्याला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले. मग खेडेगावातली तुटपुंजी प्रॅक्टिस आणि तिच्या जोडीला फासे. लग्नानंतर बायकोचे दागिने आणि घरातले सामानही जुगारात गेले. शेवटी बायकोमुलासह त्याला मिलानच्या अनाथाश्रमवजा धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला. व्हेनिसमध्ये खुणा केलेल्या पत्त्यांनी फसवणाऱ्या यजमानावर त्याने खंजीरही चालवला होता.

१५३९ मध्ये मंडळाने त्याला प्रवेश दिला आणि पुढे त्याची गणना युरोपातल्या नामवंत डॉक्टरांत होऊ लागली. १५५२ मध्ये तो स्कॉटलंडचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या दम्यावर उपचार करायला एडिंबरोला गेला. तिथे त्याने इतर पथ्यांबरोबर पिसांच्या गाद्या-उशाही बदलायला लावल्या. ॲलर्जी ही कल्पना यायला अजून साडेतीनशे वर्षे होती. आर्चबिशपना उतार पडला.

फासे आणि पत्त्यांवरचे त्याचे छोटे पुस्तक मात्र खरे नवलाचे आहे. दोन फाशांची ३६ दाने त्यात मांडली आहेत. प्रिमेरो या खेळाचीही चर्चा आहे. पोकरच्या पूर्वजांत त्याला धरतात. त्यात आठ, नऊ, दहा काढून टाकत आणि उरलेल्या ४० पत्त्यांतून चार-चार वाटत. आजच्या हिशेबाने असे ९१,३९० हात होतात. चारही पत्ते सारख्या किमतीचे असे त्यांत फक्त दहा. एकाच जातीचे चार पत्ते ८४० वेळा. इथेही पत्ते बदलता येत, म्हणजे काय ठेवावे आणि काय टाकावे हा प्रश्न तेव्हाही होताच. कार्डानो काही ठिकाणी चुकलाही. एक फासा तीनदा टाकला की हवा तो आकडा येण्याची शक्यता निम्मी, असे त्याला वाटले. ती असते ४२ टक्के. हरलेली बाजी 'आता तरी फिरेल' असे मानणाऱ्या कितीतरी लोकांपेक्षा ही चूक खूपच सभ्य म्हणायची.

याच पुस्तकात त्याने असे मत मांडले की जुगार हा असाध्य रोगासारखा आहे आणि म्हणून डॉक्टरने त्याचा विचार केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचे व्यसन आज व्यसनविकारांमध्ये गणले जाते. ज्याला शक्यता पाठ आहेत त्याला या विकारापासून संरक्षण मिळते असे मात्र नाही. यंत्रासमोरचे चुकारहित डावपेच तोटा कमी करतात, उठण्याची ताकद देत नाहीत. कार्डानोने स्वतःच आत्मचरित्रात बुद्धिबळ आणि फाशांपायी घालवलेल्या वर्षांची कबुली दिली आहे.

पुस्तक त्याच्या हयातीत छापले गेलेच नाही. १५७६ मध्ये तो रोममध्ये वारला. पुस्तक छापले गेले १६६३ मध्ये. त्याच्या थोरल्या मुलाला बायकोला विष घातल्याबद्दल १५६० मध्ये देहदंड झाला होता. धाकटा आल्दो जुगारी निघाला आणि त्याने बापाचेच घर फोडले. बापाने त्याला अधिकाऱ्यांच्या हवाली केले.