संत्र्यांच्या बागेतला सुरीकार : बो रँडल

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील वलून लेक हे सरोवर साहित्यप्रेमींना ठाऊक असते ते अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्यामुळे. त्यांच्या बालपणीच्या सुट्ट्या याच काठावर गेल्या. हाताने सुऱ्या घडविण्याचा छंद असणारी मंडळी मात्र या सरोवराचे नाव वेगळ्या कारणाने घेतात. १९३७ साली तेथे एक गृहस्थ आपल्या होडीवरचा जुना रंग सुरीने खरवडत होते. हे काम पात्याची धार मारणारे. तरीही त्या सुरीची धार जशीच्या तशी राहिली होती. जवळच उभ्या असलेल्या एका तरुणाच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. त्याने ती सुरी विकतच घेतली. वॉल्टर डोन रँडल हे त्या तरुणाचे नाव. पुढे सारे जग त्यांना ‘बो’ रँडल म्हणून ओळखू लागले.

रँडल यांचा जन्म १९०९ सालचा. फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो येथे त्यांच्या संत्र्यांच्या बागा होत्या. लोहारकामाशी त्यांचा संबंध नव्हता. विकत घेतलेली सुरी मिशिगनमध्येच राहणाऱ्या विल्यम स्केगल नावाच्या कारागिराने घडविलेली होती. स्केगल एकांतप्रिय होते. चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून आणि शेवटी सांबरशिंगाचा तुकडा बसवून केलेली मूठ ही त्यांच्या कामाची खूण. असली वस्तू हाती आल्यावर बहुतेक लोक ती जपून ठेवतात. रँडल यांना मात्र तशी सुरी स्वतः करून पाहण्याची इच्छा झाली.

नवशिक्याला पहिली अडचण पडते ती पोलादाची. रँडल यांनी मोटारीच्या कमानपाट्यापासून सुरुवात केली. आपल्याकडील वाचकांना यात नवल वाटणार नाही. ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून कोयते आणि विळे घडविणारे लोहार व घिसाडी महाराष्ट्रात कितीतरी आहेत. या पोलादात कर्बाचे प्रमाण चांगले असते, त्यामुळे त्याला पाणी देता येते.

पाणी देणे हीच या कलेची खरी परीक्षा. पात्याला आकार देणे कष्टाचे खरे, पण चुकले तर पुन्हा ठोकता येते. पाणी देताना चूक झाली की सारे श्रम वाया. तापलेले पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला पोहोचले की एकदम थंड करायचे. नाव पाण्याचे असले तरी अनेकदा ते तेलातच बुडवितात, कारण पाण्यात पाते इतक्या झपाट्याने थंड होते की त्याला तडा जाण्याची भीती असते. बुडवून काढलेले पाते अतिशय कठीण पण काचेसारखे ठिसूळ बनते. म्हणून ते पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत हलके तापवायचे. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर गवती पिवळी छटा आली की थांबायचे. कठीणपणा थोडा गमवावा तेव्हा चिवटपणा मिळतो. या देवघेवीचा नेमका बिंदू साधला, तर रंग खरवडूनही धार टिकते. छंद म्हणून सुऱ्या करणारे बहुतेक जण मुठीच्या सौंदर्यात रमतात आणि या टप्प्यात घाई करतात. रँडल यांचे लक्ष पहिल्यापासून पात्यावर होते.

शिकार आणि मासेमारी करणाऱ्या मित्रांनी त्यांच्या सुऱ्या मागून घेतल्या. १९३८ पासून छंदाला छोट्या व्यवसायाचे रूप आले. बागांचा कारभार चालूच होता.

मग दुसरे महायुद्ध आले. आघाडीवर निघालेल्या एका तरुणाने समोरासमोरच्या झटापटीत कामी येईल अशी सुरी मागितली. रँडल यांनी तिचा आराखडा केला, आणि तोच त्यांच्या नमुन्यांतला पहिल्या क्रमांकाचा नमुना ठरला. सैनिकांमध्ये तोंडोतोंडी आणि वृत्तपत्रांतून ही बातमी पसरली. पाकिटावर नाव नाही, रस्ता नाही, केवळ ऑरलँडोचा सुरीवाला एवढाच पत्ता लिहिलेली पत्रेही टपालखात्याने त्यांच्यापर्यंत पोहोचविली, असे सांगितले जाते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन तेव्हा सैन्यात कॅप्टन होते. त्यांच्याकडेही रँडल यांची सुरी होती.

येथे हौसेचा प्रश्न संपला होता. शिकारीच्या सुरीचे पाते मोडले तर फार तर दिवस वाया जातो. जंगलात शत्रूसमोर ते मोडले तर माणूस जातो. ओळखदेखही नसलेले तरुण या बागायतदाराच्या भट्टीवर आपला जीव सोपवीत होते. मागणी मात्र त्याच्या हातांना पुरणारी नव्हती. काही काळ मॅसॅच्युसेट्समधील एका कारखान्याकडून त्याच धाटणीच्या सुऱ्या करून घेतल्या गेल्या. युद्धानंतर मोठा कारखाना काढण्यास याहून चांगली वेळ कोणती असती? नाव झालेले होते, गिऱ्हाईक दारात उभे होते. रँडल यांची कार्यशाळा मात्र मोजक्या कारागिरांचीच राहिली. स्वीडिश पोलाद भट्टीत तापवून घणाखाली घडवायचे, ही पद्धत त्यांनी सोडली नाही. व्यापारी हिशेबाने हा निर्णय वेडेपणाचा वाटेल. प्रस्तुत लेखकाला त्यांच्या चरित्रात सर्वांत मोलाचा तोच वाटतो.

अंतराळयुगातही या सुऱ्यांची गरज भासली. ‘मर्क्युरी’ मोहिमेतील अंतराळवीर गॉर्डन कूपर यांच्या विनंतीवरून रँडल यांनी एक खास नमुना तयार केला. यान निर्जन प्रदेशात उतरले तर उपयोगी पडावा, हा त्यामागचा हेतू. २१ जुलै १९६१ रोजी गस ग्रिसम यांचे ‘लिबर्टी बेल ७’ हे यान अटलांटिक महासागरात उतरले. झडप अवेळी उघडली आणि आत पाणी शिरले. ग्रिसम वाचले, यान बुडाले आणि त्यासोबत त्यांची सुरीही. १९९९ साली सुमारे ५ किलोमीटर खोलीवरून ते यान वर काढण्यात आले, तेव्हा ३८ वर्षे समुद्रतळाशी पडलेली ती सुरीही सापडली. ती बऱ्याच चांगल्या स्थितीत होती.

रँडल यांचे १९८९ साली निधन झाले. कार्यशाळा पुढे त्यांच्या मुलाने आणि नातवांनी चालविली. नव्या सुरीसाठी गिऱ्हाइकांना काही वर्षे थांबावे लागे आणि ते थांबतही. ऑरलँडोतील त्या कार्यशाळेला जोडून सुऱ्यांचे एक संग्रहालय उभे राहिले. त्यात विल्यम स्केगल यांनी घडविलेल्या सुऱ्याही मांडलेल्या आहेत.