कॉर्नेलिया सोराबजी : एका नाशिककन्येचा ऑक्सफर्डप्रवेश

आपल्या समाजातील अनेक घरांतून आज मुलेमुली परदेशातील नामांकित विद्यापीठांकडे प्रवेशासाठी अर्ज पाठवितात. गुणपत्रिका, शिफारसपत्रे आणि शिष्यवृत्ती यांची जुळवाजुळव करताना विद्यार्थ्यांबरोबर वडीलधाऱ्यांचाही जीव मेटाकुटीस येतो. अशा कुटुंबांना कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र उद्बोधक वाटेल, म्हणून ते येथे थोडक्यात सादर करीत आहे.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळातून ख्रिस्ती धर्मात आलेले. मातुःश्री फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. घरातच विद्येचे असे वातावरण असल्याने मुलीने कॉलेजात जावे, यात आईवडिलांना वावगे वाटले नाही. डेक्कन कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्याच विद्यार्थिनी होत. पदवीच्या अखेरच्या परीक्षेत त्यांनी पहिला वर्ग मिळवून सहाध्यायांत अग्रस्थान पटकाविले.

या यशामुळे विलायतेतील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क पोहोचत होता. परंतु ती स्त्रीला देता येत नाही, या कारणास्तव त्यांना नाकारण्यात आली. गुण तेच, परीक्षा तीच, केवळ उमेदवार मुलगी! कॉर्नेलियाबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापनाची तात्पुरती जागा पत्करली आणि तेथे मुलांना इंग्रजी शिकविले.

इकडे विलायतेत मेरी हॉबहाऊस या बाईंनी १८८८ साली टाइम्स पत्रात लिहून त्यांच्यासाठी साहाय्य मागितले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्यांनी त्या निधीस हातभार लावला. सरकारने जे नाकारले, ते लोकवर्गणीने उभे राहिले आणि १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या समरव्हिल येथे दाखल झाल्या.

तथापि प्रवेश मिळाला म्हणजे सर्व दारे उघडली, असे झाले नाही. त्यांना कायदा शिकावयाचा होता. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी त्यांची पाठराखण केली. पुढे विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिली, तेव्हा १८९२ साली त्या दिवाणी कायद्याच्या पदवीपरीक्षेस बसल्या. ही परीक्षा देणारी त्यांच्यापूर्वी एकही स्त्री झाली नव्हती. परीक्षा उत्तीर्ण झाली, पण पदवी मात्र हाती पडली नाही. कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० साली आरंभ केला. कॉर्नेलियाबाईंनी आपली पदवी १९२२ साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी, स्वीकारली.

मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पडद्यातील विधवा व पोरकी मुले यांच्या इस्टेटीचे हक्क राखण्यासाठी त्यांनी बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम हे प्रांत पालथे घातले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची मुभा दिल्यावर त्यांनी कलकत्त्यास वकिली केली. राजकारणात त्या ब्रिटिश राज्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. ते मत आपणांस पटणार नाही, पण त्यामुळे त्यांच्या विद्याव्यासंगाचे मोल घटत नाही. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून एवढे घ्यावे, की एका ठिकाणचा नकार हा अखेरचा निकाल नव्हे. दुसरी सोय शोधावी, हाती असेल ते काम करावे आणि विनंती करण्यात संकोच मानू नये. आणि ज्यांच्या हाती शिष्यवृत्त्यांचे नियम लिहिण्याचे काम असते, अशा आपणां वडील मंडळींसाठीही येथे एक इशारा आहे. नियमातील एखादा शब्द लिहिताना, त्यामुळे कोणती हुशार मुलगी दाराबाहेर राहील, याचा विचार लेखणी उचलण्यापूर्वीच करावा.