पहिल्या परवान्याचे वैमानिक : जे. आर. डी. टाटा



या अंकात थोरांचे चरित्र लिहिण्याची पाळी माझी आहे. शिवाजी महाराज, जोतीराव फुले, गाडगेबाबा यांच्यावर आपल्या या भिंतीवर पुष्कळ लिहून झाले, म्हणून मी या खेपेस जरा निराळा माणूस निवडला. त्यांचे पूर्ण नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. लोक त्यांना जे. आर. डी. म्हणत. टाटा म्हटले की आपल्याला मीठ आठवते, नाहीतर ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन जाणारा ट्रक. कारखान्यांचे मालक म्हणून ते मोठे होतेच, पण मला सांगायची आहे ती त्यांच्यातल्या वैमानिकाची गोष्ट.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरात झाला. वडील पारशी, जमशेदजी टाटांचे नातलग आणि धंद्यातले भागीदार. आई सुझान फ्रेंच होती. वडिलांच्या धंद्यामुळे घर सारखे हलायचे. कधी फ्रान्स, कधी मुंबई, कधी जपान. शाळा मधेच सुटायची, नव्या शाळेत ओळखीचे कुणी नसायचे. हे दुःख काय असते ते आपल्यातल्या कित्येकांना मी सांगायला नको. त्यांचे घर पैशामुळे फिरत होते आणि आपली माणसे पोटासाठी कोयता घेऊन फिरतात, हा फरक आहेच. तो मी लपवत नाही.

उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्समध्ये समुद्रकाठी राही. शेजारी घर कुणाचे, तर लुई ब्लेरियो यांचे! १९०९ साली फ्रान्सहून इंग्लंडपर्यंतची खाडी विमानाने प्रथम ओलांडली ती यांनीच. तिथल्या वाळूवर विमान उतरलेले लहानग्या जहांगीरने पाहिले आणि त्याचे डोळे वरच लागले. पंधराव्या वर्षी त्याला एकदा विमानात बसायला मिळाले. मग ठरलेच, की विमान चालवायचे.

पण ठरवले म्हणून लगेच होते थोडेच! आई १९२३ साली गेली. मुलाला केंब्रिजला शिकायचे होते, पण वडिलांनी डिसेंबर १९२५ मध्ये मुंबईला बोलावून बिनपगारी उमेदवार म्हणून कामाला लावले. दुसऱ्या वर्षी वडीलही वारले. एवढ्या मोठ्या उद्योगपतीजवळ कॉलेजची पदवी नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती सल त्यांच्या मनात राहिली, पण वाचन त्यांनी सोडले नाही.

अशात १९२८ साली मुंबईला फ्लाइंग क्लब निघाला. आपल्याकडे क्लब म्हटला की पत्त्यांचा डाव डोळ्यांपुढे येतो. हा तसला नव्हे बरं का! विमान उडवण्याची हौस असलेल्या लोकांनी वर्गणी भरून मंडळ काढायचे, विमाने मंडळाची, शिकवणारा मंडळाचा, आणि सभासदांनी तासाचे पैसे भरून पाळीपाळीने शिकायचे. खर्च भारी असल्याने सभासद बहुतेक साहेब लोक किंवा धनवान. जुहूला समुद्राकाठी त्यांचे मैदान होते.

तिथली मॉथ जातीची विमाने लाकडाची, त्यांच्यावर ताणून बसवलेले कापड. वर छप्पर नाही. पुढे एक खड्डा, मागे एक खड्डा. पुढच्यात शिकवणारा आणि मागच्यात शिकणारा. दोघांपुढे सारखाच दांडा, म्हणजे चेल्याचे चुकले तर गुरू सावरणार. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचे ऐकू येत नसे म्हणून बोलायला रबरी नळी असे. हा दांडा मोठा नाजूक. बैलाचा कासरा हिसडावा तसा तो हिसडला तर विमान कोलमडते. उडणे सोपे, अवघड ते उतरणे. जमीन किती वाव खाली राहिली याचा अंदाज डोळ्यानेच घ्यायचा. शिकणाऱ्याचा हात बसला की एके दिवशी गुरुजी खाली उतरतात आणि त्याला एकट्याला वर पाठवतात.

जे. आर. डीं.ना हा दिवस केवळ पावणेचार तासांच्या शिकवणीनंतर आला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. परदेशात विमान शिकलेले हिंदी लोक आधीही होते, पण आपल्या देशात दिला गेलेला हा पहिलाच परवाना. पुढे मोठमोठे मानसन्मान मिळाले तरी हा कागद त्यांना सर्वांत प्यारा होता. त्याच वर्षी त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व सोडून दिले. जन्मभर दोन देशांत वाटला गेलेला तरुण इथला झाला.

आता मला सगळ्यांत आवडणारी हकिकत. इंग्लंड ते हिंदुस्थान, किंवा उलट, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. महिन्याच्या आत पोचायचे ही अट. मे १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून निघाले. तिकडून इंग्लंडहून अस्पी इंजिनियर नावाचा अवघा १७ वर्षांचा पोरगा निघाला होता. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. पाहतात तर अस्पी तिथे अडकून बसलेला, त्याला प्लग हवे होते. फटफटीचा प्लग गेला की गाडी ढकलत आणावी लागते, हे तुम्ही पाहिले असेल. विमान कोण ढकलणार? जे. आर. डीं.नी आपल्या सामानातून प्लग काढून दिला. शर्यतीतल्या गड्याला! अस्पी उडाला आणि थोड्या तासांच्या फरकाने बक्षीस त्यालाच मिळाले. हाच अस्पी इंजिनियर १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. हरलेल्या शर्यतीबद्दल जे. आर. डी. कधी कुरकुरले नाहीत.

इथवर ही हौसच होती, आणि श्रीमंताची हौस आपल्या भिंतीवर कशाला, असे कुणी म्हणेल. पण पुढे ऐका. त्या काळी लंडनची पत्रे विमानाने कराचीपर्यंत येत. तिथून पुढे मात्र आगगाडी, त्यात दिवस मोडत. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाच्या मनात आले, की हे टपाल कराचीहून मुंबई आणि मद्रासपर्यंत विमानानेच न्यावे. जे. आर. डीं.ना ते पटले. थोरले दोराबजी टाटा यांनी २ लाख रुपये दिले. सरकारने मात्र मदत नाकारून तीन वर्षे घोळ घातला. घरची माणसे सहा सहा महिने लांब असतात तेव्हा निरोपाची वाट कशी पाहतात, हे आपल्या जिल्ह्याला विचारावे. पोस्टकार्डांच्या काळात तर पोस्टमनच्या सायकलकडे सगळ्या वस्तीचे डोळे असायचे.

शेवटी तो दिवस उजाडला. १५ ऑक्टोबर १९३२. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. कराचीहून एकटेच निघाले. विमान एका इंजिनाचे, पुस मॉथ. बरोबर सुमारे २५ किलो टपाल. वाट सांगायला बिनतारी यंत्र नाही, फक्त नकाशा, होकायंत्र आणि खालची जमीन. अहमदाबादेला पेट्रोल भरायला उतरले, तर पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला टेकले. तिथून पुढचे टपाल घेऊन व्हिन्सेंट मद्रासकडे गेले.

जुहूला तेव्हा चकाचक विमानतळ होता असे समजू नका. झावळ्यांनी शाकारलेली खोपट, आणि पावसाळ्यात मैदानावर समुद्राचे पाणी. मग चार महिने बिऱ्हाड पुण्याला हलवायचे. तरी टपाल वेळेवर! पहिल्याच वर्षात १५५ प्रवासी आणि जवळपास १० टन टपाल या छोट्या विमानांनी वाहिले.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९३८ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, ते टाटा उद्योगाचे अध्यक्ष झाले. १९४२ च्या युद्धात व्हिन्सेंट यांचे विमान पाडले गेले. जीवाभावाचा सोबती गेला. १९४६ मध्ये कंपनीचे नाव एअर इंडिया झाले आणि ८ जून १९४८ ला तिचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जे. आर. डीं.ना ते रुचले नव्हते, तरी बिनपगारी अध्यक्ष म्हणून ते २५ वर्षे राबले. प्रवासात पडदा मळका दिसला, चहा पांचट वाटला, की चिठ्ठी लिहून संबंधितांना कळवायचे. १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या जागेवरून काढले. हे बरे झाले नाही, असे माझे मत आहे.

कुणी वाटले असते की म्हातारबुवा आता खुर्चीत बसतील. पण १५ ऑक्टोबर १९८२ ला, ७८ व्या वर्षी, ते पुन्हा कराचीला गेले आणि पन्नास वर्षांपूर्वीच्याच वाटेने जुने, एका इंजिनाचे लेपर्ड मॉथ विमान स्वतः चालवत मुंबईला आले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे ते वारले आणि पॅरिसला त्यांचे दफन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, ते पाहायला ते नव्हते.

जाता जाता एक. सातवीतल्या मुलींनी मला विचारले, की असले क्लब मुंबईतच असतात का? तर नाही. याच बॉम्बे फ्लाइंग क्लबाने पुढे धुळ्याच्या धावपट्टीवरही शिकवणी चालवली. धुळे काही फार लांब नाही. खर्च मात्र अजून भारी आहे, आणि व्यावसायिक वैमानिकाला दहावीच्या पुढे बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागते.