कोशकार सर जेम्स मरे

परकी भाषा शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास शब्दांची उणीव सारखी जाणवत असते. मग तो वहींत लांबलचक व अवघड शब्दांच्या याद्या करतो, प्रत्येक शब्दापुढें एकेक मराठी अर्थ लिहितो, आणि तेवढें पाठ झालें म्हणजे आपली शब्दसंपत्ति वाढली असें मानतो. परंतु उतारा वाचतांना त्याची वाट अडते ती बहुधा त्या अवघड शब्दांपाशीं नव्हे; 'टेक', 'पुट', 'सेट', 'टर्न' अशा, पहिल्याच पुस्तकांत भेटलेल्या चिमुकल्या शब्दांपाशीं ती अडते. असें कां व्हावें, याचें उत्तर शोधण्यांत ज्या एका पुरुषानें आपल्या आयुष्याचीं छत्तीस वर्षें वेंचलीं, त्या सर जेम्स मरे यांचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें सांगणार आहों.

जेम्स मरे यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं स्कॉटलंडच्या दक्षिण भागांतील डेनहोम नांवाच्या खेड्यांत झाला. वडील शिंपीकाम करीत. घरची स्थिति बेताची असल्यामुळें वयाच्या चौदाव्या वर्षीं मुलाचें शाळेंत जाणें संपलें. शिकणें मात्र संपलें नाहीं. रानांतील वनस्पति, डोंगरांतील दगड, जुने अवशेष, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे निरनिराळ्या लोकांच्या भाषा, जें जें समोर येईल तें तें जाणून घेण्याची त्यांस विलक्षण हौस होती. शाळेंत मिळालेल्या थोड्याशा शिदोरीवर त्यांनीं स्वतःच्या कष्टानें एकामागून एक भाषा आपल्याशा केल्या. सतराव्या वर्षीं ते हॉइक येथील शाळेंत साहाय्यक शिक्षक झाले, आणि विसाव्या वर्षीं त्याच गांवच्या दुसऱ्या एका शाळेचे मुख्याध्यापक.

१८६२ सालीं त्यांचा विवाह झाला. परंतु संसारसुख त्यांच्या वांट्यास फार थोडें आलें. पहिलें अपत्य तान्हेपणींच गेलें व पत्नीची प्रकृति ढासळली. तिला स्कॉटलंडची थंडी सोसणार नाहीं असें वैद्यांनीं सांगितल्यावरून मरे यांनीं हातची शाळा सोडली आणि लंडन गांठलें. तेथें पोटासाठीं त्यांनीं चार्टर्ड बँक ऑफ इंडिया या पेढीच्या कचेरींत कारकुनी पत्करली. ज्या पत्नीसाठीं हें सर्व केलें ती १८६५ सालीं निवर्तली. पुढच्या वर्षीं त्यांनीं ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत नोकरीसाठीं अर्ज केला. कित्येक भाषांशीं आपला कसा व कितपत परिचय आहे याचा तपशील त्यांत त्यांनीं नमूद केला होता. अर्ज नामंजूर झाला. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि रात्रीं भाषांचा अभ्यास, असा त्यांचा क्रम चालूच राहिला.

१८६७ सालीं एडा रुथव्हेन या बाईंशीं त्यांचा दुसरा विवाह झाला. पुढें टेलिफोनचे संशोधक म्हणून जगविख्यात झालेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे या विवाहांत वराचे पाठराखे होते. एडाबाईंनीं पतीच्या कार्यांत जन्मभर खांद्यास खांदा लावला. १८७० सालीं मरे लंडननजीकच्या मिल हिल शाळेंत शिक्षक म्हणून रुजू झाले. १८७३ मध्यें दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि विद्वानांचें लक्ष या अबोल शिक्षकाकडे वळलें.

आतां ज्या कार्यामुळें मरे यांचें नांव अमर झालें त्याची पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. १७५५ सालीं डॉ. जॉन्सन यांचा प्रसिद्ध कोश निघाला होता. तथापि त्यांत सुमारें बेचाळीस हजारच शब्द होते. १८५७ सालीं रिचर्ड ट्रेंच यांनीं लंडनच्या भाषाशास्त्रमंडळापुढें निबंध वाचून इंग्रजी कोशांतील उणीवा दाखविल्या. (योगायोग असा कीं, त्याच सालीं मुंबईस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति प्रसिद्ध झाली.) ट्रेंच यांच्या मतें कोशकार हा शब्दांचा न्यायाधीश नसून इतिहासकार होय. कोणता शब्द भाषेंत केव्हां आला, त्याचा अर्थ कसकसा पालटला आणि तो लयास गेला असल्यास केव्हां गेला, हें सारें जुन्या-नव्या ग्रंथांतील प्रत्यक्ष वाक्यांच्या पुराव्यानें त्यानें दाखविलें पाहिजे. मंडळानें काम हातीं घेतलें. पण पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज हे १८६१ सालीं ऐन तारुण्यांत वारले. त्यांनीं वाक्यांच्या चिठ्या ठेवण्यासाठीं चोपन्न खणांचें कपाट करविलें होतें, आणि तेवढें पुरेल असा त्यांचा अदमास होता. त्यांच्या मागून काम रेंगाळलें. शेवटीं १ मार्च १८७९ रोजीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशीं करार होऊन संपादकाची जबाबदारी मरे यांच्यावर आली. दहा वर्षांत कोश पुरा करण्याचें ठरलें होतें.

मरे यांनीं मिल हिल येथें बागेंत पन्हळी पत्र्याची एक खोली उभारली, तींत एक हजार एकोणतीस खण बसविले, आणि जुन्या चिठ्या मागविल्या. सुमारें दोन टन वजनाचा कागद येऊन पडला. एका पोत्यांत मेलेला उंदीर निघाला, तर दुसऱ्यांत एक उंदरीण पिलांसह सुखानें नांदत होती. एका अक्षराच्या चिठ्या इटलींत फ्लॉरेन्स येथें सांपडल्या, तर दुसऱ्या एका अक्षराच्या आयर्लंडमधील तबेल्यांत. तेथें त्यांतील कांहीं विस्तव पेटविण्याच्या कामीं आल्या होत्या.

परंतु खरी अडचण निराळीच होती. मंडळास वाक्यें पाठविणारे वाचक हौशी होते, आणि हौशी मनुष्याचें लक्ष नेहमीं नवलाच्या वस्तूकडे जातें. 'अब्यूजन' या कोणाच्या बोलण्यांत नसलेल्या शब्दाचीं सुमारें पन्नास वाक्यें जमलीं होतीं; 'अब्यूज' या नित्याच्या शब्दाचीं पांचहि नव्हतीं! विरळ शब्द वाचकांस दिसत होते. रोजचे शब्द डोळ्यांपुढें असून दिसत नव्हते. म्हणून मरे यांनीं इंग्रजी वाचणाऱ्या सर्व लोकांस नवें विनंतिपत्र काढलें आणि साध्या शब्दांचींहि वाक्यें मुद्दाम मागितलीं. पद्धति सोपी होती. कागदाच्या लहानशा चिठीवर डाव्या कोपऱ्यांत शब्द लिहावा. त्याखालीं साल, ग्रंथकाराचें नांव, ग्रंथ व पृष्ठ. आणि त्याखालीं तो शब्द ज्यांत आला असेल तें वाक्य उतरून घ्यावें. अर्थ लिहिण्याची गरज नाहीं. अर्थ वाक्यांतूनच निघावयाचा.

साध्या शब्दांचें काम इतकें बिकट कां, हें समजण्यासाठीं आपल्या 'लागणें' या क्रियापदाकडे पाहावें. भूक लागते, आग लागते, ठेंच लागते, नोकरी लागते, झाडास फळ लागतें, पोहोंचण्यास वेळ लागतो आणि संध्याकाळीं दिवे लागतात. घरांतील चार वर्षांचें मूलहि हे प्रयोग न चुकतां करतें; पण या सर्वांस पुरेल असा एकच अर्थ एखाद्या परक्या गृहस्थास सांगावयाचा म्हटलें तर आपली मति कुंठित होते. मरे यांच्यापुढें असे शब्द शेंकड्यांनीं होते. 'अबव्ह' म्हणजे 'वर' एवढ्या लहान शब्दाचीं वाक्यें घेऊन ते त्यांचे वीस, तीस, चाळीस ढीग करीत. मग ते मेजावर किंवा जमिनीवर पसरून बुद्धिबळांतील मोहऱ्यांप्रमाणें तासन् तास इकडून तिकडे हलवीत. कोणत्या अर्थापासून कोणता अर्थ निघाला याची सांखळी जुळेपर्यंत त्यांस चैन पडत नसे. एका शब्दाचे अनेक अर्थ म्हणजे मनास येईल तशी फेंकलेली रास नसून एका मूळ पुरुषाचा वंशवृक्ष होय, हें त्यांनीं अशा रीतीनें दाखवून दिलें.

१८८४ च्या आरंभीं पहिला भाग बाहेर पडला. त्यांत तीनशें बावन्न पानें होतीं, आणि एवढ्यांत 'ए' पासून निघून 'अँट' म्हणजे मुंगी, येथवरच मजल गेली होती! कराराचीं निम्मीं वर्षें तर सरलीं होतीं. मुद्रणालयाचे चालक अस्वस्थ झाले. काम लवकर उरका, वाक्यें कमी करा, अशा सूचना येऊं लागल्या. घाईनें केलेला कोश म्हणजे वाचकाची फसवणूक, असें मरे यांचें ठाम मत असल्यामुळें कांहीं प्रसंगीं राजीनाम्याची वेळ आली. परंतु त्यांनीं प्रामाणिकपणास बाध येऊं दिला नाहीं. १८८५ सालीं शाळा सोडून ते ऑक्सफर्डला राहण्यास गेले. तेथेंहि बागेंत तशीच पत्र्याची खोली बांधली. शेजाऱ्याच्या दृष्टीस ती खुपूं नये म्हणून ती तीन फूट जमिनींत बसविली. परिणामीं तेथें ओल व कोंदटपणा कायमचा. हिंवाळ्यांत जाड कोट घालून व पाय पेटींत ठेवून मरे लिहीत बसत. कित्येक आठवडे त्यांनीं ऐंशी ऐंशी तास काम केलें. त्यांस अकरा मुलें होतीं. हीं मुलें खाऊच्या पैशांसाठीं चिठ्या वर्णानुक्रमें लावीत, आणि त्या खेळांतच त्यांचीं अक्षरें व शब्द पक्के होत.

या यज्ञांत समिधा आणून देणारे कित्येक होते. काशीच्या सरकारी पाठशाळेंत पूर्वीं अध्यापन केलेले अमेरिकन संस्कृत पंडित फिट्झएडवर्ड हॉल हे इंग्लंडांतील एका खेड्यांत एकांतवासांत राहत. त्यांनीं सुमारें वीस वर्षें, १९०१ मध्यें मृत्यु येईपर्यंत, रोज कित्येक तास खर्चून विनामूल्य मुद्रितें तपासलीं, आणि मरे यांची व त्यांची भेट एकदांहि झाली नाहीं. डॉ. मायनर नांवाचे अमेरिकन लष्करी शस्त्रवैद्य मनोविकाराच्या भरांत मनुष्यवध घडल्यामुळें ब्रॉडमूर येथील वेड्यांच्या इस्पितळांत बंदिवान होते. तेथील कोठडींतून त्यांनीं हजारों वाक्यें पाठविलीं. एवढी दक्षता असूनहि 'बाँडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्या गहाळ झाल्या आणि बिचारी दासी कोशाबाहेरच राहिली; १९३३ च्या पुरवणींत तिला जागा मिळाली.

१९०८ सालीं मरे यांस 'सर' ही पदवी मिळाली. ज्या ऑक्सफर्डसाठीं त्यांनीं देह झिजविला, त्या विद्यापीठानें सन्माननीय डॉक्टरची पदवी दिली ती मात्र १९१४ सालीं, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं. तोंवर ते 'टी' या अक्षरापर्यंत पोहोंचले होते. त्यांच्या हयातींत निघालेल्या शेवटल्या भागांत 'टर्न' हा शब्द आहे. कातारी लाकूड फिरवून कांततो त्या क्रियेच्या प्राचीन नांवापासून हा शब्द निघाला. पुढें चाक 'टर्न' होऊं लागलें, वाटसरू 'टर्न' करूं लागला, खेळांतील पाळीस 'टर्न' म्हणूं लागले, दूध नासलें तरी तें 'टर्न' झालें. मूळचें फिरणें ध्यानांत धरलें म्हणजे या सर्व शाखा एकाच बुंध्यास लागलेल्या दिसतात. २६ जुलै १९१५ रोजीं, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं, मरे निधन पावले. कोश पुरा झालेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

त्यांचे सहकारी ब्रॅडले, क्रेगी व अनियन्स यांनीं उरलेलें काम सिद्धीस नेलें आणि १९ एप्रिल १९२८ रोजीं शेवटचा भाग प्रसिद्ध झाला. चार लक्षांहून अधिक शब्द, अठरा लक्षांहून अधिक वाक्यें आणि पंधरा हजारांहून अधिक पानें. त्यांपैकीं जवळ जवळ निम्मीं पानें एकट्या मरे यांच्या हातचीं आहेत. सर्वांत अधिक जागा कोणा अगडबंब शब्दानें व्यापली नाहीं. ती ब्रॅडले यांनीं संपादिलेल्या 'सेट' या इवल्याशा शब्दानें व्यापली. कोशाची दुसरी आवृत्ति १९८९ सालीं वीस खंडांत निघाली, आणि पुढील संशोधनांत 'रन' या क्रियापदाचे सहाशें पंचेचाळीस अर्थ नोंदले गेल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें.

आमच्या विद्यार्थिबंधूंनीं व भगिनींनीं या चरित्रापासून एवढें तरी घ्यावें. नवा शब्द भेटल्यास त्याच्यापुढें एकटा अर्थ न लिहितां तो ज्या वाक्यांत भेटला तें वाक्य लिहावें. जुना शब्द नव्या अर्थानें भेटला तर त्यास ओळखीचा म्हणून हातावेगळा करूं नये. तेंहि वाक्य पहिल्याच्या खालीं मांडावें आणि दोहोंचें नातें शोधावें. त्यासाठीं पत्र्याची खोली नको, हजार खण नकोत. वहीचीं कोरीं पानें व एक पेन्सिल पुरे. वर्षाअखेर त्या वहींत शब्द कदाचित् थोडे असतील. पण जे असतील ते वेळेस हांक मारतांच धांवून येतील.