मद्रास बंदरातील कारकून : श्रीनिवास रामानुजन

आज ज्या शहरास आपण चेन्नई म्हणतो, त्या जुन्या मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये १ मार्च १९१२ रोजी एक नवा कारकून रुजू झाला. हिशेब विभाग, तिसरा वर्ग, चौथी श्रेणी, पगार महिना ३० रुपये, वय चोवीस. अर्जास प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक ई. डब्ल्यू. मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडलेले होते. बेरीज-वजाबाकीच्या जागेसाठी एवढ्या मोठ्या गणितज्ञाची शिफारस त्या कचेरीत यापूर्वी क्वचितच आली असेल.

श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रांत या नोकरीची नोंद बहुधा हळहळ व्यक्त करून केली जाते. असामान्य बुद्धीचा तरुण खतावण्या लिहीत बसला, हे चित्र करुण आहे खरे. प्रस्तुत लेखकाचे मत मात्र थोडे निराळे आहे. रामानुजन यांच्या स्वभावाला मानवणारे पहिले काम त्यांना मिळाले ते याच कचेरीत. आणि ते मिळण्यापूर्वीची आठ वर्षे पाहिली म्हणजे त्या तीस रुपयांचे मोल लक्षात येते.

२२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी त्यांचा जन्म झाला. बालपण गेले ते कुंभकोणमला, म्हणजे तंजावरच्या भोसल्यांच्या जुन्या मुलखात. वडील एका साड्यांच्या दुकानात गुमास्ते होते; पगार वीस रुपयांच्या आसपास. आई कोमलताम्मल देवळात भजने गात. मुलगा शांत, स्थूल अंगाचा, खेळांपासून दूर राहणारा. घराच्या ओट्यावर बसून रस्ता पाहावा आणि पाटीवर आकडे मांडावेत, एवढाच त्याचा विरंगुळा. १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला आला. १९०४ मध्ये टाउन हायस्कूलमधून बाहेर पडताना गणिताचे पारितोषिक त्याच्या हाती होते. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली. येथवरची कथा कोणत्याही हुशार मुलाची म्हणून चालेल.

परंतु १९०३ च्या सुमारास जॉर्ज कार नावाच्या इंग्रज शिकवणी-शिक्षकाने रचलेला एक ग्रंथ त्यांच्या हाती पडला होता. त्यात हजारो सूत्रे ओळीने मांडलेली असून सिद्धता जेमतेम सूचित केलेल्या होत्या. परीक्षार्थींच्या सोयीसाठी केलेले हे टिपण. केंब्रिजच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या शेकडो तरुणांनी ते वापरून बाजूला टाकले असेल. रामानुजन यांनी मात्र प्रत्येक सूत्र आपले आपण सिद्ध करावयास घेतले, आणि पुढे ग्रंथात नसलेली सूत्रे त्यांना सुचू लागली. इंग्रजी, इतिहास, शरीरशास्त्र हे विषय त्यांच्या दृष्टीआड गेले. पहिल्याच वर्षी इंग्रजीत नापास होऊन शिष्यवृत्ती बुडाली. १९०५ च्या ऑगस्टमध्ये ते कोणास न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले. आईवडिलांना वर्तमानपत्रातून शोध घ्यावा लागला. १९०६ मध्ये मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात पुन्हा प्रारंभ केला, पण आजारपणाने तो मोडला. एफ. ए. ची परीक्षा बाहेरून दिली. एकदा नापास, पुढच्या वर्षी पुन्हा नापास. पदवीचा रस्ता येथे बंद झाला.

याच काळात आपल्याकडे एक उलट उदाहरण घडत होते. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, आणि १९०२ पासून पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळू लागले. परीक्षा हीच ज्यांच्या गुणांची उत्तम कसोटी ठरली, अशा माणसांचे ते मुकुटमणी. रामानुजन यांची जात वेगळी होती. त्यांना प्रश्न कोणी दुसऱ्याने घातलेला चालत नसे. परांजपे यांचा मार्ग उघड्या मैदानातला. रामानुजन यांना आधी माणसे शोधावी लागली. योगायोग असा की, १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या प्रयत्नाने जी गणित-संस्था उभी राहिली आणि पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणून ओळखली गेली, तिचे ग्रंथालय परांजपे यांच्या फर्ग्युसनमध्येच होते, आणि रामानुजन यांना हात देणारी बहुतेक माणसे याच संस्थेच्या सभासदांतून पुढे आली.

१९०९ च्या जुलैमध्ये जानकी यांच्याशी विवाह झाला. वधू दहा वर्षांची, वर एकवीस वर्षांचा आणि बेकार. त्या काळच्या रीतीप्रमाणे यात कोणास वावगे वाटले नाही. तरी घरात एक खाणारे माणूस वाढणार, हे उघड होते. शिकवण्या करून पाहिल्या. विद्यार्थ्याला परीक्षेपुरते कलनशास्त्र हवे असे, आणि गुरुजी पहिल्या दिवसापासून अनंताच्या गोष्टी सांगू लागत. शिकवण्या टिकल्या नाहीत. दोष विद्यार्थ्याचा नव्हता, गुरूचाही नव्हता.

मग वह्या बगलेत मारून त्यांनी दारोदार हिंडण्यास प्रारंभ केला. संकोची माणसाला याहून कठीण काम नाही. १९१० च्या अखेरीस ते तिरुक्कोयिलूरला रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर हे डेप्युटी कलेक्टर. त्यांच्या हाताखाली महसूल खात्यात एखादी कारकुनी मिळावी, एवढीच विनंती. अय्यर यांनी वही चाळली आणि नोकरी देण्याचे नाकारले. तालुक्याच्या दप्तरात हा माणूस गाडला जाईल, असे त्यांना वाटले. नकार देऊन ते थांबले नाहीत. मद्रासच्या परिचितांना पत्रे लिहून दिली. त्या पत्रांच्या दोऱ्याने रामानुजन प्रा. पी. व्ही. शेषू अय्यर यांच्याकडे आणि तेथून नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्याकडे पोहोचले.

रामचंद्र राव यांना प्रथम विश्वास वाटेना. वहीत लिहिलेले खरे की नुसता शब्दांचा व चिन्हांचा खेळ, हे त्यांना स्वतःला ठरवता येत नव्हते. मुंबईचे गणिताचे प्राध्यापक सालढाणा यांच्याशी झालेला पत्रव्यवहार रामानुजन यांनी पुढे ठेवला. आपल्यालाही सोपी वाटतील अशी काही सूत्रे उलगडून दाखवली. तेव्हा कुठे शंका फिटली. राव यांनी त्यांना काय हवे ते विचारले. दोन वेळचे जेवण आणि काम करण्यास मोकळा वेळ, याखेरीज त्यांनी काहीही मागितले नाही. राव यांनी दरमहा २५ रुपये पाठवण्यास प्रारंभ केला. वर्षभर ही व्यवस्था चालली. १९११ मध्ये बर्नूली संख्यांवरील पहिला निबंध सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे या माणसाच्या स्वभावाचा एक विशेष दिसतो, आणि तो सहसा दुर्लक्षित राहतो. हवे होते ते सर्व मिळाले असतानाही रामानुजन अस्वस्थ झाले. दुसऱ्याच्या दानावर फार दिवस राहणे त्यांना बरे वाटेना. जानेवारी १९१२ मध्ये काही आठवडे त्यांनी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत वीस रुपयांवर काम केले, आणि ९ फेब्रुवारीस ट्रिप्लिकेनमधील बिऱ्हाडातून पोर्ट ट्रस्टकडे अर्ज धाडला. गणितासाठी सर्वस्व सोडणारा हा तरुण कमाईला तुच्छ लेखणारा नव्हता. ध्येयवादी मुलांच्या आईवडिलांना हे वाचून कदाचित थोडा दिलासा वाटेल.

पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष होते सर फ्रान्सिस स्प्रिंग. गोदावरीवरचा मोठा रेल्वेपूल बांधणारे आयरिश अभियंते. कार्यालयाचा कारभार पाहणारे एस. नारायण अय्यर हे गणिताचे पदवीधर आणि सोसायटीचे खजिनदार. कचेरीचे काम रामानुजन झपाट्याने उरकत आणि उरलेल्या वेळात आपले गणित मांडत. कागदाची नेहमीच टंचाई. मालाच्या वेष्टनाचे कागदही ते जमवून वापरीत, असे सांगतात. कामाच्या वेळी दुसरेच काही लिहिताना सापडलेल्या कारकुनाचे सामान्यतः काय होते, हे सांगावयास नको. येथे वरिष्ठांनी पाहिले आणि पाहू न पाहिल्यासारखे केले.

रात्री ट्रिप्लिकेनमध्ये नारायण अय्यर यांच्या माडीवर दोघे दोन मोठ्या पाट्या घेऊन बसत. पाटीवर लेखणी घासल्याचा आवाज मध्यरात्रीपर्यंत चाले. रामानुजन दहा पायऱ्यांचे काम दोन पायऱ्यांत करीत, आणि नारायण अय्यर त्यांना थांबवून मधल्या पायऱ्या लिहिण्याचा आग्रह धरीत. आपल्याला समजले तरच आपण ते दुसऱ्यांना समजावू शकू, असा त्यांचा युक्तिवाद होता. चारचौघांत बोलणे ज्याला अवघड, त्याला आपले काम जगापुढे मांडण्याची शिकवण अशी घराच्या माडीवर, एका माणसासमोर, पाटीवर मिळाली. पुढे केंब्रिजला हार्डी यांनी सिद्धतेचा आग्रह धरला, त्याचा पहिला धडा हाच होता. दिवसा पगार आणि रात्री एक जाणता श्रोता! १९१२ च्या वर्षात जानकीही मद्रासला आल्या, आणि बिऱ्हाड बंदराजवळ जॉर्ज टाउनमधील शैव मुथय्या मुदली रस्त्यावर हलले.

यानंतरच्या घटना सर्वपरिचित आहेत. स्प्रिंग यांच्या वर्तुळातून लंडनला विचारणा झाली, ती अर्धवट राहिली. केंब्रिजच्या दोन नामवंतांना स्वतः पत्रे लिहून रामानुजन निराश झाले. १६ जानेवारी १९१३ रोजी जी. एच. हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपण वर्षाला २० पौंड पगाराचे कारकून आहोत, हे प्रथमच सांगून टाकले होते. हार्डी यांनी उत्तर दिले. फेब्रुवारीत वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले असता स्प्रिंग यांनी त्यांना वह्या दाखवल्या, आणि वॉकर यांनी लागलीच विद्यापीठास लिहिले. नियम आडवा आला : संशोधनवृत्ती पदव्युत्तर माणसालाच देता येते, आणि हा गृहस्थ तर एफ. ए. नापास. मद्रास विद्यापीठाने नियमाऐवजी आपल्या स्थापनेच्या कायद्याकडे पाहिले; संशोधनास उत्तेजन देणे हे त्यात नमूद असलेले कर्तव्य होते. १ मे १९१३ पासून दरमहा ७५ रुपये मंजूर झाले. परीक्षा नाही, दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल तेवढा द्यावयाचा. गणित हाच आता त्यांचा व्यवसाय झाला होता. हे घडले मद्रासमध्ये, विलायतेस जाण्यापूर्वी. ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१७ मार्च १९१४ रोजी ते नेवासा या बोटीने इंग्लंडला निघाले. विद्यापीठाने वर्षाला २५० पौंडांची वृत्ती दिली होती, आणि त्यातून घरी नियमित पैसे पोहोचण्याची व्यवस्था केली होती. केंब्रिजमधील पाच वर्षांचे कर्तृत्व येथे विस्ताराने सांगत नाही. १९१६ मध्ये संशोधनावर पदवी, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे आणि ट्रिनिटी कॉलेजचे सदस्यत्व; परीक्षेत दोनदा आपटलेल्या माणसाचा एवढा गौरव क्वचितच झाला असेल. पण काम मनाजोगते असले म्हणजे सारे साधते, असे नव्हे. महायुद्ध सुरू झाले. भाजीपाला दुर्मीळ झाला. कडक शाकाहारी रामानुजन स्वतः रांधून वेळीअवेळी जेवत. त्यांचे सहकारी हार्डी हेही तितकेच लाजाळू. दोघे रोज गणित बोलत आणि दुसरे काही फारसे बोलत नसत. मद्रासमध्ये आजारी पडल्यावर कोणी मित्र दार ठोठावी. येथे १९१७ मध्ये दुखणे विकोपास जाईपर्यंत ते कोणाच्या नीटसे ध्यानीही आले नाही. अबोल माणसाला अबोल सोबती मिळावा, हे नेहमीच हिताचे असते असे वाटत नाही.

मद्रास विद्यापीठाने पाच वर्षांसाठी पुन्हा २५० पौंडांची विनाअट वृत्ती देऊ केली, तेव्हा रुग्णशय्येवरून ११ जानेवारी १९१९ रोजी रामानुजन यांनी कुलसचिवांना पत्र लिहिले. ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा अधिक आहे. आईवडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत, आपला आवश्यक खर्च भागवावा, आणि उरेल ते गरीब व अनाथ मुलांच्या फीसाठी व शाळांतील पुस्तकांसाठी वापरावे, असा त्याचा आशय होता. शिष्यवृत्ती बुडाल्यामुळे ज्याचे शिक्षण थांबले, त्याचे हे पत्र आहे.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबईस उतरले आणि तेथून मद्रासला गेले. प्रकृती सुधारण्यासाठी जागा बदलल्या, कुंभकोणमलाही राहून झाले. अखेरचे बिऱ्हाड मद्रासच्या चेटपट भागात. १२ जानेवारी १९२० च्या पत्रात त्यांनी हार्डी यांना एका नव्या प्रकारच्या फलांविषयी कळवले, आणि शेवटच्या दिवसांपर्यंत अंथरुणावर बसून कागद भरले. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्या वेळी जानकी एकवीस वर्षांच्या होत्या. काही वर्षे त्या मुंबईस भावाकडे राहिल्या. तेथे शिवणकाम शिकल्या, आणि मद्रासला परत येऊन ट्रिप्लिकेनमध्ये शिवणावर व तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर त्यांनी आयुष्य काढले. गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणास त्या आपल्या मिळकतीतून मदत करीत. पतीचा पुतळा उभारण्याचे आश्वासन त्यांना पूर्वी कधी तरी मिळाले होते, आणि ते पाळले गेले नाही, ही त्यांची उतारवयातली तक्रार होती. ती ऐकून १९८० नंतरच्या दशकात जगभरच्या गणितज्ञांनी वर्गणी काढली, अमेरिकन शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांच्याकडून रामानुजन यांचा अर्धपुतळा घडवून घेतला आणि तो ट्रिप्लिकेनमधील त्या लहानशा घरी पोहोचवला. जानकी यांचे निधन १९९४ मध्ये झाले.