खोपा कोण विणतो? डॉ. सलीम अली आणि नैसर्गिक निवडीचा पाठ



पावसाळ्यात देवळाली कॅम्पातून भगूरच्या बाजूला किंवा दारणा नदीकडे मळ्यामळ्यांतून एक फेरी मारा. विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतील. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातल्या एका मुलाने असाच एक गळून पडलेला खोपा शाळेत आणला. सगळी मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. वरची गाठ, मधला फुगवटा, खाली लांब नळी. एकाने विचारलं, बाई, हे हिला कुणी शिकवलं?

मी नेहमीचं उत्तर देऊन टाकलं. सापापासून पिल्लं वाचवायची गरज होती, म्हणून सुगरणीने हळूहळू असं घर बांधायला सुरुवात केली, असं सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या, तास संपला. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. एवढ्याशा उत्तरात मी दोन चुका केल्या होत्या. पहिली चूक म्हणजे खोपा ती विणत नाही, तो विणतो. दुसरी त्याहून मोठी. गरज पडली म्हणून कुठलाही पक्षी बदलत नाही. आणि हीच दुसरी चूक आपण शिक्षक वर्षानुवर्षं वर्गात करत असतो. पुढे दहावीत मुलांना आनुवंशिकता व उत्क्रांती हा धडा येतो, तेव्हा हीच चुकीची समजूत आडवी येते.

या दोन्ही चुका दुरुस्त करायला मला एका माणसाच्या आयुष्याची गोष्ट फार उपयोगी पडली. ती तुम्हाला सांगते. तुमच्याही वर्गात चालेल.

एका चिमणीपासून सुरुवात

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. एका मोठ्या कुटुंबातलं हे धाकटं लेकरू. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी भावंडांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हातात छऱ्याची बंदूक आली आणि तो चिमण्या टिपू लागला.

एक दिवस पडलेली चिमणी जरा वेगळी निघाली. गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी खाल्लेली चालेल का, असा प्रश्न पोराला पडला. मामांनाही ते सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला थेट संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडलं. मिलार्डसाहेबांनी ती चिमणी ओळखली, आणि नुसतं नाव सांगून पोराला परत पाठवलं नाही. कपाटं उघडून संस्थेचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाच्या प्रश्नाला दिलेला तो वेळ. पुढचं सगळं आयुष्य त्यातून निघालं. आपल्यासाठी यातच एक धडा आहे, नाही का?

पदवी नसलेला अभ्यासक

सलीम काही हुशार विद्यार्थी म्हणून गाजले नाहीत. डोकेदुखीमुळे शाळा बुडायची. १९१३ साली मॅट्रिक जेमतेम पार पडली. पुढे कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉयला गेले, तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यात लक्ष कमी, जंगलातल्या पक्ष्यांत जास्त. १९१७ साली ते मुंबईला परत आले. व्यापाराचे वर्ग सुरू केले, पण सेंट झेवियर्स कॉलेजच्या फादर ब्लॅटर यांनी ओढ ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. १९१८ साली तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

विद्यापीठाची पदवी हाती नसल्यामुळे सरकारी पक्षीशास्त्रज्ञाची एक जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगायचे, म्हणजे आपल्यासारखंच काम! पण अजून शिकायला हवं असं वाटून त्यांनी रजा घेतली आणि जर्मनी गाठली. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली ते शिकले. या स्ट्रेसेमानांचाच आणखी एक विद्यार्थी होता अर्न्स्ट मायर. एकट्यादुकट्या पक्ष्याकडे न पाहता पक्ष्यांच्या सबंध समूहाकडे पाहा, म्हणजे उत्क्रांती समजेल, हा विचार पुढे या मायर यांनीच जगभर पोचवला. तेवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

नोकरी गेली, खोपा सापडला

१९३० साली सलीम अली परत आले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. खिशात पगार नाही, मुंबईत राहणं परवडेना. नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला, तेहमिना यांच्या माहेरच्या घरी राहायला गेले. पावसाळा होता. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हातात दुसरं काम नव्हतं, म्हणून ते रोज तासन् तास त्या वसाहतीसमोर बसू लागले.

आणि त्यांना जे दिसलं, ते तोवर कुणी नीट नोंदवलं नव्हतं. खोपा विणतो तो नर. गवताची, भाताची, ताडामाडाच्या पानांची हिरवी पाती चोचीने चिरून आणतो आणि विणत जातो. खोपा अर्धा झाला, शिरस्त्राणासारखा दिसू लागला, की तो काम थांबवतो. पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, खोपा पारखते. पसंत पडला तर तिथेच राहते, नाही तर सरळ उडून जाते. पसंती मिळाली की नर उरलेला खोपा आणि नळी पुरी करतो. मादी आत अंडी घालते. मग हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. हा अभ्यास १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि बेकार सलीम अलींचं नाव जगातल्या पक्षी अभ्यासकांपर्यंत गेलं.

आता तुम्ही म्हणाल, मग बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेचं काय करायचं? काही करायचं नाही. ती कविता आईच्या मायेची आहे, ती तशीच म्हणायची. अंडी उबवणं तिच्याकडेच आहे, पिल्लांना भरवण्याचा मोठा भारही तीच उचलते. मराठीच्या तासाला कविता, विज्ञानाच्या तासाला निरीक्षण. दोन्ही एकमेकांना मारक नाहीत, हे मुलांना कळू द्या.

मग खोपा असा झाला कसा?

आता माझी दुसरी चूक. ती सुधारताना मी फळ्यावर चार मुद्दे लिहिले.

१. सगळे नर सारखे नसतात. कुणाची गाठ घट्ट, कुणाची सैल. कुणी विहिरीवरची काटेरी फांदी निवडतो, कुणी हाताला येईल अशी.

२. या फरकांतला काही भाग उपजत असतो आणि आईबापांकडून पिल्लांकडे जातो. काही भाग सरावाचा असतो. तरुण नरांचे पहिले खोपे ओबडधोबड असतात, पुढे हात बसतो. सरावाने आलेलं कौशल्य अंड्यातून पुढे जात नाही.

३. सगळ्यांची पिल्लं जगत नाहीत. वाऱ्याने खोपा पडतो, साप येतो, कावळा येतो. शिवाय मादीच खोपा नाकारते, तेव्हा त्या नराला पिल्लंच होत नाहीत. नंतरच्या अभ्यासांतून असंही दिसलं, की मादी विणकामापेक्षा खोप्याच्या जागेकडे जास्त पाहते.

४. ज्यांची पिल्लं जगली, त्यांचेच उपजत गुण पुढच्या पिढीत जास्त दिसतात. असं हजारो पिढ्या चाललं, की सबंध समूहच बदललेला दिसतो.

म्हणजे बघा, एकाही सुगरण पक्ष्याने ठरवून काही बदललं नाही. पक्षी जन्मभर तोच राहिला. बदलला तो समूह. गरजेने गुण तयार होत नाहीत. आधीच असलेल्या फरकांतून परिस्थिती काही फरक ठेवते, काही गाळते. धान्य चाळताना चाळण नवा दाणा तयार करत नाही, तसंच.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही, मोजलेलंही आहे. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. १९७७ साली दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या, टणक मोठ्या बिया उरल्या. तिथल्या मध्यम आकाराच्या फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. जगले ते बहुतेक मोठ्या, भक्कम चोचीचे. त्यांच्या पिल्लांच्या चोचीही सरासरीने आधीच्या पिढीपेक्षा मोठ्या भरल्या. पुढे १९८३ साली धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं पीक आलं आणि पारडं उलटं फिरलं. दुष्काळात कुठल्याही पक्ष्याची चोच वाढली नव्हती. लहान चोचीचे गळाले, एवढंच.

पुस्तकाची चूक काढणारा

सलीम अलींची एक गोष्ट मला फार आवडते. ह्यू व्हिस्लर हे त्या काळचे भारतीय पक्ष्यांचे मोठे जाणकार. भृंगराज, म्हणजे शेपटीला दोन लांब चवऱ्या असलेला कोतवाल, याच्या शेपटीच्या पिसांना आतल्या बाजूची झालर नसते असं त्यांनी लिहिलं. जुन्या पुस्तकांतही तसंच होतं. सलीम अलींनी पीस हातात घेऊन पाहिलं. पिसाच्या दांडीला पीळ असतो, त्यामुळे बाजू उलटी भासते. त्यांनी तसं छापून कळवलं. एका अनोळखी भारतीयाने चूक काढलेली व्हिस्लर यांना आधी रुचली नाही. पण त्यांनी नमुने पुन्हा तपासले, चूक कबूल केली आणि पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली. मोठेपण दोघांचंही.

नंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांचे पक्षी सलीम अलींनी पायी आणि बैलगाडीने फिरून नोंदवले. सुरुवातीच्या या भटकंतीत तेहमिना सोबत असत. या सर्वेक्षणांचं महत्त्व काय? एकाच जातीचा पक्षी ठिकाणानुसार कसा बदलतो, हे त्यातून कळतं. आपला गावकावळाच घ्या. सिंधसारख्या कोरड्या मुलखात त्याची मान फिकट राखाडी, जवळजवळ पांढुरकी. केरळच्या दमट हवेत तीच मान बरीच गडद. कोरड्या प्रदेशात फिकट आणि दमट प्रदेशात गडद, हा प्रकार जगभरच्या अनेक पक्ष्यांत आढळतो. जात एकच, पण प्रत्येक ठिकाणच्या परिस्थितीची चाळण वेगळी.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना वारल्या. सलीम अली पार खचले. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि ते पुन्हा कामाला लागले. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, ते आजही घरोघरी आहे. अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळालं. पदवी नसलेल्या या माणसाला विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या. भरतपूरची पाणथळ जागा वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला लोक महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, ते यामुळे आठवतं. २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर, मुंबईत त्यांचं निधन झालं.

वर्गात कसं घ्याल?

एक सोपा खेळ सांगते. शेंगदाणे, तांदूळ आणि बेदाणे एका सतरंजीवर पसरा. काही मुलांना चिमटा द्या, काहींना चमचा, काहींना पक्कड. ही त्यांची चोच. एका मिनिटात जो जास्त दाणे वाटीत टाकेल तो जगला. कमी गोळा करणारे बाद. जगलेल्याचं पिल्लू म्हणून त्याच्याचसारखं साधन घेतलेला एक नवा खेळाडू आत घ्या. तीन फेऱ्यांनी कुठलं साधन जास्त झालं ते मोजा. मग तांदूळ काढून फक्त शेंगदाणे ठेवा आणि पुन्हा खेळा.

नियम एकच, पण तो कडक पाळा. खेळ चालू असताना कुणीही आपलं साधन बदलायचं नाही. मुलं हटकून विचारतात, बाई, चिमटा टाकून पक्कड घेऊ का? तिथेच थांबायचं आणि सांगायचं, की पक्ष्यालाही चोच बदलता येत नाही. धड्याचा गाभा त्या एका क्षणात पोचतो.

पालकांनो, सुट्टीत मुलांना घेऊन लांबून खोपे बघायला जा. झाडावरचा खोपा मात्र काढू नका, हंगाम संपल्यावर पडलेलाच उचला. विहिरीचा काठ आहे, मुलांचा हात सोडू नका.

मी माझ्या वर्गात दुसऱ्या दिवशी आधी चूक कबूल केली. काल मी चुकीचं सांगितलं, असं म्हटल्यावर मुलं आधी चकित झाली, मग दुप्पट लक्ष देऊन ऐकू लागली. खोपा आणणाऱ्या मुलाने लगेच विचारलं, मग मादीने नाकारलेले खोपे कुठे जातात? म्हटलं, पुढच्या पावसाळ्यात तूच बघून ये आणि आम्हाला सांग. त्याने वहीत तारीख टाकून प्रश्न लिहून ठेवला आहे.