रसायनाचार्य गज्जर
सुरतेजवळच्या भेस्तानात राहताना कापडावर चढलेला रंग पाहिला की सुरतेचेच त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३–१९२०) मला आठवतात. पाण्यात विरलेले मीठ आटवून परत मिळते, जळलेले लाकूड मिळत नाही. पदार्थांतील असे भेद जाणणे हीच त्यांची विद्या. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी स्थापिलेल्या बडोद्याच्या कलाभवनाचे ते आद्य प्राचार्य. पुढे मुंबईत चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले. आम्ल लावावे तर संगमरवरच झिजावयाचा! दगडास न दुखविता गज्जरांनी ते डाग काढले. माझे मन चाफेकरांकडेच धावते. पण त्याच विद्येतून १९०७ साली शिष्य कोटिभास्करांसह त्यांनी बडोद्यास अलेंबिक कारखाना उभारला, हे विसरवत नाही.